गजूचं जावळ

आमच्या परसातल्या दोरीवर बारा महिने लहान लेकरांच्या चड्ड्या वाळत असायच्या, आणि घरात लहान लेकरू म्हणाल तर एकही नव्हतं. मी एकुलती एक, तीही पाचवीत गेलेली. नागपूरच्या प्रताप नगरात तेव्हा घरं विरळ होती, कुंपणं बुटकी होती, आणि कुणाच्या दोरीवर काय वाळतंय हे येणाऱ्याजाणाऱ्याला फुकटात दिसायचं. नवा भाडेकरू आला की हमखास विचारायचा, मास्तरीणबाईंना मुलं किती. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांना दिवसभरात थट्टा करायला घराशिवाय दुसरी जागा नव्हती. "काय वं," ते आईला म्हणायचे, "लोक मले विचारून राहिले लेकरं किती म्हणून. हजेरीपट पाहून सांगतो म्हणू का?" आई हसायची नाही, चड्ड्यांच्या घड्या घालत राहायची. ती महापालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवायची. पहिलीतली पोरं भरवर्गात ओली होतात, आणि ओल्या पोराला घरी पाठवलं तर ते दुसऱ्या दिवशी लाजेनं येत नाही. म्हणून वर्गाच्या कपाटात कोरड्या चड्ड्या तयार असायच्या, आणि ओल्या आमच्या घरी धुवायला यायच्या.

घरातली सकाळ स्टोव्हच्या आवाजानं सुरू व्हायची. आई भाकरी थापता थापता त्या दिवशीच्या गोष्टीची तालीम करायची, वाघाचा आवाज एका सुरात आणि शेळीचा दुसऱ्या. बाबा दाढी करताना मधेच म्हणायचे, "शेळी जरा जास्तच रडून राहिली." मग कालच्या भाकरीचा फोडणीचा कुस्करा माझ्या डब्यात पडायचा आणि आम्ही दोघी निघायचो. तिची शाळा सकाळची, माझा वर्ग त्याच इमारतीत दुपारचा. मला एकटीला घरी ठेवायचं नाही म्हणून ती मला सोबत न्यायची, आणि मी तिच्या वर्गात मागच्या टाटपट्टीवर बसून अभ्यासाचं सोंग करत सगळं बघायची. आज माझी सत्तरी जवळ आली. जन्मभर वीज कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसले, तरी माणसांचं मला जे काही कळलं ते त्या टाटपट्टीवर कळलं असं वाटतं.

आईच्या पिशवीत पुस्तकांपेक्षा इतर सामानच जास्त असायचं. खोबरेल तेलाची बाटली, कंगवा, उवांची फणी, नखं कापायची कात्री, रिबिनी. शनिवारी तपासणी असायची. पोरं रांगेत उभी राहायची आणि आई एकेकाचं डोकं मांडीवर घ्यायची. नियमात असलं काही नव्हतं. हेडमास्तर म्हणायचे, बाई, तुमचं काम अ आ इ ई शिकवायचं आहे. आई म्हणायची, डोकं खाजवणाऱ्याला अ दिसत नाही. ती कडक होती, आवाज मोठा होता, पण मांडीवर डोकं घेतलेल्या पोराशी ती हळू बोलायची, आणि घरात कुणाशी न बोलणारं पोरही तिथे सगळं सांगायचं. बाप रात्री कुठे जातो, आजी काय चोरून खाते, सगळं. त्यातलं आई कुणाला काही सांगायची नाही. मी कान देऊन ऐकायची.

पोरं तरी बरी, खरी शाळा पालकांची असायची. रविवारी आमच्या ओसरीवर कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. एकाची तक्रार, माझ्या पोरीला मागं बसवता. दुसऱ्याची, माझ्या पोराला पुढं बसवता म्हणून त्याच्या डोळ्यांत खडूची धूळ जाते. एक बाई यायची ती नुसतं एवढं सांगायला, की पोरगा दूध पीत नाही, तुम्ही दम द्या. कुणी म्हणायचा, मारत काहून नाही, मारल्याशिवाय का शिकते? आणि तोच पुढच्या महिन्यात पोराच्या गालावरचा डास चावल्याचा डाग दाखवायला यायचा, की तुम्ही मारलं. आई सगळ्यांना चहा द्यायची. माझी सून आता शिक्षिका आहे. तिच्या फोनवर पालकांचा गट आहे आणि तो जेवतानाही गुरगुरत असतो. ती वैतागते. मी तिला म्हणते, तुझे पालक निदान चहा तरी पीत नाहीत. पण खरं सांगायचं तर आमच्या ओसरीवर येऊन भांडणाऱ्या त्या माणसांना आईवर हक्क वाटायचा, आणि आईला त्याची सवय होती. म्हणूनच नंतर जे झालं ते तिला पेललं नाही.

गजू पहिलीत आला तेव्हा सगळ्यांना तो मुलगीच वाटला. खांद्याखाली आलेले केस, दोन वेण्या, अंगात खाकी चड्डी. त्याचं जावळ काढायचं राहिलं होतं. त्याच्या आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून बापानं गावच्या देवीला नवस बोलला होता, हे पोरगं जगू दे, त्याचं जावळ तुझ्याच पायाशी उतरवीन, तोवर कात्री लावणार नाही. गाव नरखेडकडचं. जावळ उतरवताना लेकरू मामाच्या मांडीवर बसावं लागतं, आणि गजूचा काटोलचा मामा बहिणीच्या लग्नातल्या मानपानावरून रुसून बसलेला. त्याची मेटॅडोर होती, संत्र्यांचे पेटारे वाहायचा. बाप इकडे नागपुरात हातगाडीवर तीच संत्री विकायचा, आणि दोघांचं बोलणं नव्हतं. मामा यायला तयार नाही, बाप हात जोडायला तयार नाही, आणि मधल्यामध्ये पोराचे केस वाढत होते. "दोन घोडे अडून बसले आणि शेपूट पोराले आली," असं बाबा म्हणाले. त्यावर आईही हसली होती, हे मला आठवतं.

पहिल्याच दिवशी गजूची आई, सुमन, वर्गाच्या दारात येऊन म्हणाली, "बाई, मारा, कोंडा, काही करा. फक्त डोक्याले कात्री लावू नका." आईनं शब्द दिला. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती होती, संध्याकाळी वंदना व्हायची, नवससायास नव्हते. पण शब्द तो शब्द. पोरं त्याच्या वेण्या ओढायची, पोरगी म्हणून चिडवायची, लघवीला गेला की मागे जाऊन बघायची. म्हणून आई रोज प्रार्थनेच्या आधी त्याला मांडीत घेऊन त्याच्या दोन वेण्यांची एकच घट्ट वेणी घालायची आणि ती गुंडाळून टोपीखाली खोचायची. तेवढ्या वेळात तो तिला विचारायचा, "बाई, मामा कवा येईन?" ती म्हणायची, येईल. गजू बोलका होता, हजेरीला त्याचा आवाज सगळ्यात मोठा. नाव पुरतं व्हायच्या आधीच तो "हजर बाई!" असा ओरडायचा आणि वर्ग हसायचा.

त्या हिवाळ्यात शाळेसमोरचा रस्ता डांबरी होत होता. पोरांना डांबराचं वेड लागलं. मऊ गोळे खिशात भरायचे, एकमेकांना चिकटवायचे. एका सकाळी मधल्या सुट्टीत कुणीतरी गजूची टोपी उडवली आणि मूठभर डांबर त्याच्या केसांत, कानामागे, मुळाशी दाबून चोळलं. आईनं खोबरेल चोळलं, मग शिपायाकडून रॉकेल आणवलं. बाकीचं निघालं, पण कानामागचा गोळा घट्ट बसला होता आणि ओढलं की कातडी वर यायची. गजू किंचाळत होता. तिथे लाल झालं, मग रक्ताचा थेंब आला. मी पाणी घेऊन बाजूला उभी होते. आईनं पिशवीतून कात्री काढली, हातात धरून बसली, परत ठेवली, परत काढली. मग तिनं तेवढी बट कापली. गजूचं रडणं थांबलं. त्यानं कानामागे हात लावून पाहिला आणि त्याचा चेहरा फुलला. "अजून कापा ना बाई," तो म्हणाला. "पूर्ण कापा."

हेडमास्तरांनी आईला बोलावून सांगितलं, "वेणीत लपवून टाका. कोणाले समजते? सांगाल तर उगीच बवाल होईल." आई म्हणाली, शब्द मी दिला होता, मोडला तर तोही मीच सांगायला पाहिजे. मोठी झाल्यावर मी या वाक्यावर फार विचार केला. ती लपवती तर काय झालं असतं? अजूनही मनात येतं, आणि मला तिचाच राग येतो. खरं बोलणाऱ्या माणसाचा राग येणं वाईट असतं, पण येतो.

संध्याकाळी ती मला घेऊन त्यांच्या घरी गेली. डांबर लागलेली बट तिनं स्वच्छ रुमालात बांधली होती, कारण जावळाचा केस देवीचा असतो, तो इकडेतिकडे टाकायचा नसतो, एवढं तिला ठाऊक होतं. अंगणात हातगाडी उभी होती, घरभर संत्र्याच्या सालींचा वास होता. सुमननं पाट दिला. आईनं रुमाल समोर ठेवून सगळं सांगितलं. सुमन रुमालाकडे बघत राहिली, हात लावला नाही. गजूचा बाप आतून आला. तो एरवी आईला पाहिलं की हातातली विडी विझवायचा. त्या दिवशी त्यानं विझवली नाही.

"देवीचे केस होते ते बाई," तो म्हणाला. "तुमी देव मानत नाही, ते तुमचं. आमच्या देवाले हात काहून लावला?"

"भाऊ, रक्त येऊन राहिलं होतं," आई म्हणाली. "लेकरू रडत होतं."

"रडू द्याचं होतं. आमाले बोलवाचं होतं. आमची दोन लेकरं मातीत गेली बाई, तुमाले माहीत हाये का?"

आम्ही उठलो. मागून गजू ओरडला, "टाटा बाई!" कुणीतरी त्याला गप्प केलं. रस्ताभर आईनं माझा हात दुखेल इतका घट्ट धरला होता. त्या रविवारी आमच्या ओसरीवर कुणी आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. शनिवारच्या तपासणीला काही पोरं यायचीच बंद झाली. आईनं कात्री पिशवीतून काढून घरच्या फळीवर ठेवून दिली. बाबांनी थट्टा करून पाहिली, आता आपल्याले साखर पुरून राहिली म्हणून, पण कुणीच हसलं नाही.

गजू शाळेत येत होता, फक्त आता त्याची वेणी घरूनच घातलेली असायची आणि टोपीवरून घट्ट फडकं बांधलेलं असायचं. मग एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या गल्लीतली एक पोरगी आईला म्हणाली, "बाई, गजूले ताप हाये. त्याची मान वाकत नाही. उजेड पाहिला का रडते." आईनं हातातला खडू खाली ठेवला. काही वर्षांपूर्वी तिच्या वर्गातला एक मुलगा अशीच मान ताठरून मेंदूच्या तापानं दगावला होता, आणि डॉक्टर तिला म्हणाले होते, एक दिवस आधी आणलं असतं तर. तिनं वर्ग शेजारच्या बाईंवर सोपवला आणि चपला घालून निघाली. मी मागे पळाले.

दार बापानं अर्धंच उघडलं. आई म्हणाली, हा साधा ताप नाही, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या, मी येते सोबत, मी बोलते डॉक्टरांशी. तो ऐकत होता. चार आठवड्यांपूर्वी त्यानं हेच ऐकून पोराला खांद्यावर टाकलं असतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. "तुमचा हात लागला आन् पोरगं पडलं," तो म्हणाला. "आता देवीकडंच नेतो. मामाले सांगावा धाडला, मी सोता हात जोडले त्याले." आई म्हणाली, "देवीकडं न्या, जरूर न्या, पण आधी दवाखान्यात न्या. भाऊ, मी तुमच्या पाया पडते." आणि माझी आई, जिला मी कुणापुढे वाकलेलं पाहिलं नव्हतं, ती उंबऱ्याशी वाकली. तो मागे सरकला आणि दार लागलं. आतून गजूचं कण्हणं ऐकू येत होतं.

बाबा कचेरीतून आल्याबरोबर सायकलनं तिकडे गेले. शेजाऱ्यांनी सांगितलं, मामाची मेटॅडोर आली होती, नरखेडकडे निघूनही गेले. बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले, "गेले." त्या रात्री आमच्याकडे कुणी जेवलं नाही. पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. आईची भाकरी करपायची आणि ती तशीच ताटात पडायची. वाघाचा आणि शेळीचा आवाज बंद झाला. हजेरी घेताना ती गजूचं नाव घ्यायची, क्षणभर थांबायची आणि पुढे जायची. एकदा भांडी घासताना ती मला म्हणाली, "ती बट मी कापली नसती, तर दार उघडलं असतं वं." मी दहा-अकरा वर्षांची. मला तेव्हा फक्त भीती वाटली, की आता ही रडेल. ती रडली नाही.

ऊन तापायला लागलं तेव्हा गजू परत आला. वर्गाच्या दारात तो बापाचं बोट धरून उभा होता, डोक्याचा गोटा केलेला, अंगावर नवा सदरा, हाडं वर आलेली. बापाच्या हातात गूळ-खोबऱ्याचा द्रोण होता. देवीच्या पायाशी, मामाच्या मांडीवर जावळ उतरलं होतं. त्यानंतर पोरगं डोळेच उघडेना, तेव्हा मामानंच कुणाचं न ऐकता त्याला मेटॅडोरमध्ये टाकून दवाखान्यात नेलं होतं. बापाच्या सांगण्यात मात्र दवाखाना ओझरताच येत होता. "देवीनं पूर्ण वापस केला बाई," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "आता तुमच्यावर राग नाही. परसाद घ्या." आईनं दोन्ही हात पुढे करून प्रसाद घेतला आणि तोंडात टाकला. जाताना तो म्हणाला, "आजारपणात लाडावला जरा. हाक मारली तं वळत नाही. दोन लावा तुमी."

आईनं हजेरी सुरू केली. गजूचं नाव आलं. वर्ग त्याच्याकडे वळून हसायला तयारच होता. गजू खिडकीबाहेर बघत होता. आईनं पुन्हा नाव घेतलं, जरा मोठ्यानं. मग ती उठली, मागच्या बाजूला गेली आणि लाकडी डस्टर त्याच्या पाठीमागे जोरात फरशीवर आपटलं. सगळी पोरं दचकून वळली, मीसुद्धा. गजू खिडकीबाहेरच बघत होता. आईनं डस्टर उचललं, टेबलावर ठेवलं, आणि फळ्याकडे तोंड करूनच पुढचं नाव घेतलं.

संध्याकाळी तिनं सुमनला नळावर गाठलं. मी पिशवी धरून थोडी मागे होते. आई काही बोलायच्या आधीच सुमननं घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "माहीत हाये बाई. मले पहिल्या दिवसापासून माहीत हाये. दाखवलं मी, त्याच्या मामासंगं जाऊन. डॉक्टर म्हणे, तापानं कान गेले ते गेले." मग ती आईच्या अगदी जवळ आली. "त्याच्या बापाले सांगू नका. तो म्हणते देवीनं पूर्ण वापस केला. तेवढ्यावरच जगून राहिला तो. मी घरात गजूले हाकच मारत नाही, जाऊन हात लावते. बापाले वाटते, माय लाड करून राहिली." आईनं मान हलवली. घरी येऊन ती पलंगाच्या कडेला बसली आणि त्या दिवशी ती रडली, तोंडात पदर धरून. बाबा तिच्याजवळ जाऊन नुसते बसले. त्यांनी थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आईची हजेरी बदलली. ती खुर्चीत बसून नावं घ्यायची सोडून पोरांमधून फिरत नावं घ्यायला लागली, आणि ज्याचं नाव घेईल त्याच्या डोक्यावर हात ठेवायला लागली. सगळ्यांच्याच, म्हणजे एकट्या गजूचं दिसू नये. हात डोक्यावर पडला की गजू "हजर बाई!" म्हणायचा, पूर्वीपेक्षाही मोठ्यानं. पण स्वतःचंच बोलणं ऐकू येत नसल्यानं हळूहळू त्या शब्दांचे कंगोरे झिजायला लागले. हेडमास्तरांना गळ घालून तिनं तोच वर्ग पुढे दुसरीला मागून घेतला, मग तिसरीला. सुमनला दिलेला शब्द तिनं मोडला नाही.

पहिलीच्या त्या उन्हाळ्यातली, सुट्टीआधीची एक सकाळ मात्र मी अजून विसरले नाही. हजेरी चालली होती. गजूचा बाप काहीतरी कामानं लवकर आला असावा, तो खिडकीच्या गजांना धरून उभा होता. आईला तो दिसला नाही, मला दिसला. आई फिरत फिरत गजूपाशी आली, तिनं डोक्यावर हात ठेवला, गजू ओरडला, आणि बाप बघत राहिला. मला वाटलं, आता हा विचारणार. हजेरी संपली तेव्हा तो दारात आला. "बाई, गजूले न्याचं होतं जरा," तो म्हणाला. गजू त्याच्याकडे पाठ करून पाटीवर काहीतरी गिरवत होता. मी वाट पाहत होते, की आता बाप हाक मारेल आणि गजू वळणार नाही, आणि सगळं उघड होईल. आईही तीच वाट पाहत होती, तिचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला होता. बापानं हाक मारली नाही. त्यानं चपला दारात काढल्या, पोरांमधून वाट काढत तो आत आला, गजूच्या मागे उकिडवा बसला आणि त्याच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला. गजू वळून हसला. बाप आईकडे न बघताच म्हणाला, "त्याच्या मायले सांगू नका बाई." आणि पोराचं बोट धरून तो चपला घालायला गेला.